संगीत खुर्ची, खुला गट

माझ्या आईला रग्बी हा शब्द कधीच आवडला नाही. चोवीस वर्षांचा असताना मुंबईच्या एका मैदानावर अंड्याच्या आकाराचा चेंडू पोटाशी धरून मी पडलो, माझ्यावर सात-आठ धिप्पाड माणसं पडली, पाठीचा मणका फुटला आणि कमरेखालचा मुलूख कायमचा हातातून गेला. ही सगळी हकीकत आई भेटायला येणाऱ्यांना एका वाक्यात सांगायची. "कबड्डी खेळताना पडला."

मी म्हणायचो, "आई, रग्बी."

"रग्बी म्हटलं की प्रत्येकाला चेंडूपासून सांगावं लागतं. माणूस भेटायला आलेला असतो पंधरा मिनिटं, त्यातली दहा चेंडूतच जातात. कबड्डी म्हटलं की लोक लगेच रडायला मोकळे."

त्यामुळे आमचं निम्मं गोत मला आजही माजी कबड्डीपटू समजतं. एक मामा तर लग्नाकार्यात भेटले की माझ्या चाकाच्या खुर्चीवर हात ठेवून हळूच विचारतात, "चढाई कोणाची होती रे?" मी पण आता "आमचीच" म्हणतो. मामांना बरं वाटतं.

आज मी एकोणपन्नास वर्षांचा आहे. घणसोलीत राहतो, घरातून भाषांतराची कामं करतो आणि बायकोची बोलणी खातो. ती कॉलेजात गणित शिकवते. लग्न अपघातानंतरचं. "मी माल उघडून, तपासून घेतलाय," असं ती स्वतःच चारचौघांत सांगते, त्यामुळे माझ्याबद्दल तक्रार करायचा हक्क तिला राहिलेला नाही. पण ती हक्कावाचूनही करते.

अपघातानंतर काय काय जाणार याची यादी डॉक्टरांनी तेव्हाच दिली होती. एक गोष्ट त्यांच्या यादीत राहून गेली. मला हरता येईनासं झालं.

आमच्या सोसायटीत कॅरमचा एक वाघ आहे. त्याने सगळी नोकरी जेवणाच्या सुट्टीत कॅरम खेळत काढली. भल्याभल्यांना तो एका हातात लोळवतो. माझ्यासमोर बसला की मात्र नेमकी क्वीन घ्यायच्या वेळी त्याला खोकला येतो. साडूबरोबर बुद्धिबळ खेळायला बसलो तर सातव्या खेळीला त्याचा वजीर माझ्या उंटासमोर येऊन उभा राहतो, तपासणीला आलेल्या पेशंटसारखा. अंताक्षरीत माझ्यावर 'ठ' आला की सगळे म्हणतात, जाऊ दे, 'क' घे. एवढंच कशाला, भाजीवाल्याशी घासाघीस करायला तोंड उघडावं तर तो आधीच कोथिंबीर फुकट टाकून मोकळा. पंचवीस वर्षं मी अपराजित होतो. ज्या माणसाने एकेकाळी शनिवारी दुपारी मार खाऊन हरण्यात आणि नंतर जिंकलेल्यांच्या गळ्यात हात टाकून वडापाव खाण्यात आयुष्याचं सार्थक मानलं, त्याला ही केवढी शिक्षा.

सगळ्यावर कळस म्हणजे सव्वीस जानेवारी. झेंडावंदन झालं की आमच्याकडे खेळ असतात. लिंबू-चमचा, रस्सीखेच, संगीत खुर्ची. मी कशातही नसतो आणि दर वर्षी बक्षीस मात्र मला मिळतं. विशेष प्रेरणा पुरस्कार. स्टीलचा डबा. असे नऊ डबे आमच्या कपाटात आहेत. बायको म्हणते, "तू जरा कमी प्रेरणा देत जा. रव्यासाठी जागा उरली नाही."

गेल्या वर्षी मी ठरवलं की बस झालं. यंदा रीतसर उतरायचं आणि रीतसर हरायचं. नोटीस बोर्डावर यादी लागली तशी मी संगीत खुर्चीच्या खुल्या गटात माझं नाव लिहून आलो.

संध्याकाळी सेक्रेटरी घरी. हे गृहस्थ रबाळ्याच्या एका कारखान्यातून सेफ्टी ऑफिसर म्हणून निवृत्त झाले आहेत, पण सेफ्टी काही त्यांच्यातून निवृत्त झालेली नाही. पाणी पितानासुद्धा आधी ग्लासच्या तळाकडे बघतात.

"साहेब, एक तांत्रिक अडचण आहे," ते म्हणाले.

"बोला."

"तुम्ही आधीच बसलेले आहात."

मी खाली माझ्या चाकांकडे पाहिलं.

"म्हणजे गाणं थांबलं की बसायचं असतं ना. तुम्ही गाणं सुरू असतानाच बसलेले असणार. तुम्हाला बाद करायचं कसं? इतर स्पर्धकांवर अन्याय होतो हो."

"मग नियम करा."

नियम करायचा म्हणजे कमिटीची मीटिंग. ती सव्वा तास चालली. एकाने सुचवलं, यांना सरळ प्रमुख पाहुणे करू. दुसऱ्याने सुचवलं, यांची खुर्चीच रांगेत धरू आणि इतरांनी... पण ते वाक्य त्याने स्वतःच अर्ध्यावर सोडलं. शेवटी कोपऱ्यातून आवाज आला, "अरे हात लावंल तो खुर्चीवं. ज्याचा हात आदी, त्याची खुर्ची. त्यात मीटिंग कसली घेता?"

बोलणाऱ्या होत्या चौथ्या मजल्यावरच्या काकी. या मूळच्या शेजारच्याच बोनकोडे गावच्या. शेतं होती, ती गेली, त्यावर नवी मुंबईचे सेक्टर उभे राहिले. मुलाने आमच्याकडे फ्लॅट घेतला आणि आईला घेऊन आला, त्याला तेव्हा जेमतेम सहा महिने झाले होते. वय सदुसष्ट. खांदे असे की मी पहिल्यांदा लिफ्टमध्ये पाहिले आणि मनातल्या मनात टोपी काढली. रग्बीत पहिल्या फळीच्या दोन टोकांना दोन भक्कम गडी लागतात, समोरच्या संघाला ढकलायला. अशा गड्यांसाठी आमचा संघ जन्मभर तळमळला आणि त्या वेळी ही बाई बोनकोड्यात भाताचे भारे वाहत होती. योग नव्हता.

काकींनीही खुल्या गटात नाव दिलं होतं.

सव्वीस तारखेला झेंडावंदन उरकलं आणि पार्किंगमध्ये बारा लाल प्लास्टिकच्या खुर्च्या गोलात लागल्या. तेरा स्पर्धक. सेक्रेटरींनी मला कारखान्यातलं पिवळं हेल्मेट घातलं.

"हे कशाला?"

"खबरदारी."

"बाकीच्यांना नाही?"

"बाकीचे उभे आहेत."

या उत्तरातलं शास्त्र मला अजून उमगलेलं नाही. बायको पहिल्या रांगेत चहा घेऊन बसली होती. हेल्मेट बघून तिने कप बाजूला ठेवला आणि शांतपणे फोटो काढला.

स्पीकरवर हळदीचं गाणं लागलं आणि आम्ही फिरू लागलो. गाणं लावणं-थांबवणं सेक्रेटरींकडे. निःपक्षपाती राहावं म्हणून ते आमच्याकडे पाठ करून उभे होते. गाणं थांबलं. मी एका खुर्चीकडे वळलो तर तिथला कॅरमचा वाघ असा बाजूला झाला जणू रुग्णवाहिकाच आली. "घ्या ना, घ्या," म्हणाला. मी तळवा टेकवला. टाळ्या. दुसऱ्या फेरीत तळमजल्यावरच्या वहिनी खुर्चीवर टेकलेल्या उठून उभ्या राहिल्या, मला जागा दिली आणि बाद झाल्या. टाळ्या. तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या फेरीला तेच. माणसं माझ्या वाटेतून बाजूला होऊन हसतमुखाने बाद होत होती. मी हात मुद्दाम उशिरा टेकवून पाहिला. तीन माणसं तोवर त्या खुर्चीभोवती ताटकळत उभी राहिली, पाहुणा हात धुऊन यायची वाट बघावी तशी.

सहाव्या फेरीला मला आणखी एक गोष्ट दिसली. सेक्रेटरी पाठ करून उभे होते खरे, पण एका स्कूटरला तोंड करून. त्या स्कूटरच्या आरशात त्यांचे दोन डोळे होते आणि ते डोळे माझ्यावर होते. मी खुर्चीजवळ आलो की गाणं थांबत होतं.

म्हणजे खेळणारेही सामील आणि पंचही सामील. दहावा डबा मला आता समोर दिसायला लागला.

फक्त काकी कोणालाच जागा देत नव्हत्या. पदर खोचलेला, नजर खुर्चीवर, आणि गाणं थांबलं की त्या बसत नव्हत्या, कोसळत होत्या. एका काकांना त्यांनी कोपराने असं दूर केलं की ते थेट प्रेक्षकांत जाऊन बसले आणि तिथेच राहिले. हळूहळू गोल लहान होत गेला. शेवटी उरलो आम्ही दोघं आणि एक खुर्ची.

 माझे हात घामेजले होते. तळवे पॅंटला पुसले. असा घाम शेवटचा कधी फुटला होता ते मला नीट आठवत होतं.

काकी फिरता फिरता माझ्या कानाशी म्हणाल्या, "बाला, तो आरशात बघून गानी बंद करतो. मना दिसतं."

"मलाही दिसतं, काकी."

"मंग सांगत का नाय?"

"तुम्ही का नाही सांगत?"

"मना काय गरज?" त्या म्हणाल्या आणि पुढे निघून गेल्या.

गाणं चाललं होतं. मी खुर्चीच्या अगदी बगलेला आलो. काकी पलीकडच्या टोकाला होत्या, चांगल्या सहा-सात पावलांवर. अर्थात तिथेच गाणं थांबलं. आता मला फक्त हात खाली न्यायचा होता. मी वाकलो, मनापासून वाकलो, उशीर न करता. हरायचं होतं, पण फुकट द्यायचं नव्हतं. माझी बोटं खुर्चीला लागायला वीतभर अंतर असेल, तेवढ्यात डाव्या बाजूने काहीतरी आलं.

मी पुष्कळ धडका खाल्ल्या आहेत. त्यातल्या पहिल्या तीनांत ही बसते. काकींची कंबर माझ्या चाकावर आली, एक चाक उचललं गेलं, आकाश तिरकं झालं आणि मी पार्किंगच्या फरशीवर आडवा. हेल्मेट ठक्कन वाजलं. रग्बीत पहिल्यांदा पडायलाच शिकवतात. पंचवीस वर्षांनी पाहिलं तर खांदा, हनुवटी, कोपर, सगळ्यांना आपापली जागा आठवत होती.

त्या दिवशी मैदानावर पडलो होतो तेव्हा सगळं शांत झालं होतं, एवढं आठवतं. इथे उलट. पन्नास माणसं एकदम धावली. कोणी पाणी आणलं, कोणी कांदा आणला. कांदा का, ते विचारायचं राहून गेलं. एकाने पाय धरला, एकाने कॉलर. पंचवीस वर्षांत माणसांनी मला किती वेळा उचललं असेल, पण दर वेळी जो जवळ तो जिथे हाताला लागेल तिथे धरतो. मी हात वर करून सगळ्यांना थांबवलं.

सेक्रेटरी शिट्टी फुंकत आले. "फाउल. सामना रद्द. सर्वांनी मागे व्हा. साहेब, हेल्मेट होतं म्हणून वाचलात."

या गर्दीत एकच व्यक्ती जागची हलली नव्हती. काकी खुर्चीवर बसून होत्या, दोन्ही हातांनी खुर्चीच्या कडा धरून.

कोणीतरी म्हणालं, "अहो काकी, निदान उठा तरी. माणूस पडलाय."

"उठेन. आदी सांगा, मी जिकले का नाय?"

"अहो पण..."

"उठले का तुमी म्हनाल खुर्ची सोरली."

सेक्रेटरींनी माझ्याकडे अशा करुणेने पाहिलं की मला धस्स झालं. "सर्वानुमते," त्यांनी सुरुवात केली, "स्पर्धकाचं धैर्य लक्षात घेता, विजेते म्हणून..."

"थांबा," मी फरशीवरून म्हणालो. "माझा हात लागला होता का खुर्चीला?"

"लागतच होता."

"लागला होता का?"

सेक्रेटरींनी आयुष्यभर अपघाताचे अहवाल लिहिले होते. खोटा अहवाल त्यांच्याने देववला नसावा. त्यांनी एकदा स्कूटरच्या आरशाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "नाही," ते म्हणाले.

"मग निकाल द्या."

त्यांनी शिट्टी तोंडात घातली, परत काढली. "तुम्ही बाद," ते हळूच म्हणाले.

"जरा मोठ्याने."

"बाद," ते ओरडले.

माझे डोळे भरून आले. लोकांना वाटलं लागलं. ते कांदेवाले गृहस्थ पुन्हा पुढे सरसावले.

आता काकी उठल्या. माझ्यापाशी आल्या, कमरेवर हात ठेवून एकदा मला डोक्यापासून पायापर्यंत नीट पाहिलं आणि विचारलं, "कुठं धरू तुला, सांग."

हा प्रश्न मला पंचवीस वर्षांत कोणी विचारला नव्हता. मी सांगितलं, काखेखाली. त्यांनी तिथेच धरलं आणि बायकोने सरळ केलेल्या खुर्चीत मला भाताच्या पोत्यासारखं अलगद ठेवलं. बायकोने लगेच माझी पॅंट वर करून दोन्ही पाय तपासले. जिथलं आपल्याला कळत नाही तिथे आधी बघायचं, हा आमच्या घरचा नियम. गुडघ्याला खरचटलं होतं.

"हरलास?" ती म्हणाली.

"हरलो."

"बरं झालं. रवा आणायला हरकत नाही."

डबा काकींना मिळाला. त्या वर्षी मला काहीच मिळालं नाही. प्रेरणा पुरस्कार सेक्रेटरींनी त्या एका वर्षापुरता स्थगित ठेवला, कारण विजेत्या काकींनी 'त्याला कशाला?' असं विचारलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. तोच डबा, आत जवळ्याची सुकी चटणी, आणि दारात काकी. "खा. मुका मार लागला असंल. डबा धुवून दे पन. माझा हाय तो."

चटणी दोन दिवसांत संपली. डबा रिकामा परत करत नाहीत, म्हणून बायकोने त्यात मूठभर साखर घातली. मी तो मांडीवर ठेवून लिफ्टने चौथ्या मजल्यावर गेलो. काकींनी झाकण उघडून बघितलं.

"साखर? कोन पास झाला काय?"

"नाही, मी हरलो ना."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग साखरेकडे. चिमूटभर तोंडात टाकली. "मंग पुरच्या वर्षी पन आन," म्हणाल्या आणि डबा घेऊन आत गेल्या.