दिवेआगरचं ऊन आणि सईचं पांढरं तोंड

निखिलने "समुद्रावर जाऊ या" म्हणायला आणि सासूबाईंनी "नको रे, पोर काळी पडेल" म्हणायला आमच्या घरात एकच गाठ पडली. मार्चअखेरची जोडून आलेली सुट्टी होती, बेत पुण्यातून दिवेआगरचा आणि मुक्काम दोन रात्रींचा. निखिल, म्हणजे माझा नवरा, गाडी चालवणार, मी बॅगा भरणार आणि सात वर्षांची आमची सई मागच्या सीटवरून प्रश्न विचारणार. सासूबाईंना गुडघ्यांमुळे घाट नको असतो, त्या घरीच राहणार होत्या.

माझी काळजी वेगळी होती. गेल्या उन्हाळ्यात पोहण्याच्या तलावावर सईचे खांदे भाजले. फोड आले, साल निघाली, पोरगी पालथी झोपायची आणि आजी शेजारी बसून वारा घालायची. सई सावळी आहे, आणि सावळ्या कातडीला ऊन काही करत नाही असं आम्हाला सगळेच सांगत आले होते. ते खोटं निघालं, तेव्हापासून मला या विषयाचं भारीच कुतूहल वाटतं. निघण्याआधी मुलांच्या डॉक्टरांना मी इतके प्रश्न विचारले, की शेवटी त्या म्हणाल्या, "सोपं लक्षात ठेवा. आधी सावली, मग कपडे, मग टोपी आणि सगळ्यात शेवटी क्रीम." क्रीम त्यांनी जस्ताचं, म्हणजे झिंक ऑक्साइडचं, दिलं. ते लावलं की तोंडावर पांढरट थर बसतो.

पहाटे निघालो. ताम्हिणी घाट सकाळच्या गारव्यात उतरलो, माणगावच्या अलीकडे मिसळ खाल्ली. ती बेताची होती, पण भूक जबर होती. माणगावला हायवे ओलांडायला जरा तिष्ठावं लागतं, पुढे म्हसळ्यावरून बोर्ली पंचतनचा रस्ता वळणावळणाचा पण मजेचा आहे. गाडीच्या बाजूच्या काचेतूनही ऊन लागतं हे मला नव्यानेच कळलं होतं, म्हणून सईच्या खिडकीत ओला पंचा अडकवला. "आई, मला झाडं दिसत नाहीयेत," ही तक्रार थेट बोर्लीपर्यंत पुरली.

बोर्लीच्या बाजारात उतरले, कारण सईचा पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट मी पुण्यात विसरले होते. लहान मुलांच्या कपड्यांचं दुकान मिळालं, शर्ट काही मिळेना.

"हाफ शर्ट हाय, बिनबाह्यांचा हाय, फ्रॉक हाय," दुकानदार म्हणाले. "फुल बाह्यांचा उन्हाळ्यात कोण घालतो ताई?"

"उन्हाळ्यातच घालायचा असतो, ऊन लागू नये म्हणून."

"पण गरम नाय का होणार पोरीला?"

प्रश्न रास्त होता. शेवटी त्यांनी माळ्यावरून मुलग्याचा शाळेचा आकाशी शर्ट काढला, दोन मापं मोठा. सुती, ढगळ, आत वारा खेळणारा. किंमतही अगदी किरकोळ. माझं ऐकाल तर समुद्रावरच्या मुलांसाठी याहून चांगला कपडा नाही.

दिवेआगरला आम्ही सुपारीच्या वाडीतल्या एका घरी उतरलो. खोली साधी, जेवण घरचं, सोलकढी हवी तितकी. इथल्या वाड्यांत दुपारीसुद्धा डोळ्यांना थंड वाटतं, त्यामुळे मुलांना खोलीत कोंडावं लागत नाही. दुपारभर सई खाली पडलेल्या सुपाऱ्या वेचत होती.

ऊन कललं तसे किनाऱ्यावर गेलो. अर्धा तास आधी मी सईला क्रीम लावलं होतं, आणि आणखी लाव म्हणून तिनेच हट्ट धरला होता. मला कौतुक वाटलं, पोरगी शहाणी झाली! दिवेआगरचा किनारा लांबलचक आहे, ओहोटीला पाणी पार आत जातं. निखिल पाण्यात शिरला. सई मात्र कोरड्या वाळूतून हलेना. समुद्र समुद्र म्हणून महिनाभर नाचलेली ही मुलगी गुडघे पोटाशी घेऊन बसून राहिली.

"चल की गं. भीती वाटते?"

"नाही."

"मग?"

तिने पायाने वाळू उकरली. मग माझ्या मोबाइलच्या काळ्या पडद्यात स्वतःचं तोंड बघत हळूच म्हणाली, "आई, मी आत्ता गोरी दिसतेय ना? पाण्यात गेले तर जाईल ते."

मला रडूच आलं. सरळ सांगते, मला राग आला, आणि कुणावर काढावा ते कळेना. सासूबाईंवर? बिचाऱ्या मायेपोटीच बोलतात. मी "उन्हात जाऊ नकोस" म्हणत होते, त्या "काळी पडशील" म्हणत होत्या, आणि पोरीने दोन्ही वाक्यं जोडून स्वतःपुरता अर्थ लावला होता. क्रीम म्हणजे गोरं करणारं औषध. मी समजावलं, "तू आहेस तशीच छान आहेस" हेही म्हटलं. तिने मान हलवली आणि बसूनच राहिली. समोर समुद्र आणि पोरगी कोरडी. असं तिचं सगळं लहानपण काठावर बसून जाणार की काय, या विचाराने मला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी भरडखोलला गेलो. दिवेआगरहून श्रीवर्धनच्या रस्त्याला हे कोळ्यांचं गाव लागतं. मासे सुकवायची जागा बघायची माझी जुनी हौस. नाकाला सवय व्हायला थोडा वेळ द्या, मग बघत राहावं असं आहे. बांबूंवर बोंबील टांगलेले, खाली खळ्यात जवळा, म्हणजे अगदी बारीक कोळंबी, पसरलेला, आणि डोक्यावरून घट्ट पदर घेतलेल्या बायका तो हातांनी उलटापालटा करतायत. त्यांतल्या एकीशी, कमळाबाईंशी, सुकटीच्या निमित्ताने गप्पा सुरू झाल्या. त्यांची नात हर्षू सईच्याच वयाची, तेलाने चकचकीत चोपडलेली.

कमळाबाईंनी सईकडे पाहिलं आणि तोंडाला पदर लावून हसल्या. "आगो, पोरीला पीठ का लावलंस?"

सई माझ्या मागे गेली. मी घाईने म्हटलं, "ऊन लागू नये म्हणून क्रीम आहे. तुम्ही हर्षूला काय लावता?"

"खोबरेल. आमचा नारल, आमचा तेल."

"पण तेलाने ऊन थांबत नाही म्हणतात डॉक्टर."

"न्हाय थांबत तर न्हाय," त्या म्हणाल्या. त्यांच्यावर काडीचा परिणाम झाला नाही. हर्षूच्या खांद्यांची सालं निघालेली मला दिसत होती, पण एवढ्या ओळखीवर याहून जास्त बोलता येईना.

तेवढ्यात माझ्या मागून सईचा प्रश्न आला, "आजी, तुम्ही काळ्या पडाल म्हणून डोकं झाकता?"

मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. कमळाबाई मात्र गंमत वाटून तिच्याकडे बघत राहिल्या.

"काळी? काळी तं मी हायेच बाय. पदर न्हाय घेतला तं डोकं चढतं, मानेचं सालटं निघतं. लय आग होते."

"माझंपण निघालं होतं सालटं," सई पुढे येऊन म्हणाली. "खांद्याचं."

"व्हय? मग उन्हात कशाला बसलीस गो? ऊन जवला सुकवाया हाय. पोरं काय सुकवायची हायेत?"

हर्षू खुदकन हसली, मग सईही हसली. ऊन चढायला लागल्यावर कमळाबाईंनी दोघींनाही ताडपत्रीच्या सावलीत पिटाळलं. जवळा मात्र उन्हातच राहिला.

परतताना सई गाडीत शिरली. खिडकीतला पंचा तिने स्वतःच नीट केला आणि विचारलं, "म्हणजे क्रीम गोरं व्हायला नाहीये?"

"नाही."

"मग काय करतं?"

"आग होऊ देत नाही. ऊन थोडं अडवतं."

"पाण्यात गेलं तर?"

"जातं. मग अंग पुसून परत लावायचं. आणि पाण्यात नसलो तरी दर दोन तासांनी."

"एवढंच?" ती जरा वैतागूनच म्हणाली.

त्या संध्याकाळी आकाशी शर्ट घालून ती पाण्यात शिरली ती निखिलने उचलून आणेपर्यंत बाहेर आली नाही. तोंडावरचं क्रीम कधीच धुऊन गेलं होतं. मी पुसायला आणि परत लावायला धावत होते आणि ती निसटत होती. इतकी खुश मी तिला फार दिवसांनी पाहिली. रात्री जेवताना, नेहमीपेक्षा महाग वाटूनही, उकडीचे मोदक आम्ही दोनदा मागवले.

तुम्ही मुलांना घेऊन जाणार असाल तर सकाळी लवकर आणि चारनंतर किनारा, मधला वेळ वाडीत काढा. ढग असले तरी क्रीम लावा, वाळू आणि पाण्यावरूनही ऊन उलटून अंगावर येतं. कानांच्या पाळ्या आणि पावलं विसरतात सगळे. अगदी तान्हं बाळ असेल तर क्रीमच्या भानगडीत न पडता सावलीतच ठेवा. आणि हे सगळं कशासाठी ते मुलांना स्वच्छ शब्दांत सांगा, नाहीतर ती आपला अर्थ आपण लावतात.

एवढं करूनही सई रापली. टोपीखालचं कपाळ आणि गाल यांचे सरळ दोन रंग झाले होते. परतीच्या वाटेवर ताम्हिणीभर मी सासूबाईंना द्यायचं उत्तर मनात घोटत होते. चांगलं मुद्देसूद, जरा तिखट भाषण तयार झालं होतं.

दार त्यांनीच उघडलं. "अगंबाई, किती गं काळवंडलीस!"

मी तोंड उघडलं, पण सई चपला काढता काढता म्हणाली, "हो आजी. पण भाजले नाही. बघ." आणि तिने बाही ओढून खांदा पुढे केला.

सासूबाईंनी चष्मा लावला. खांद्यावरून सावकाश हात फिरवला, मग दुसऱ्या खांद्यावरूनही.

"नाही गं," त्या म्हणाल्या, "कुठ्ठे भाजली नाहीस."

माझं भाषण माझ्यापाशीच राहिलं.