निरोप सांगण्याआधी

यांना जाऊन आज महिना होत आला. शेवटचं पाहिलं ते कसब्यातल्या आमच्या दारात. कमरेला पत्रांची थैली बांधली, सासूबाईंच्या पाया पडले आणि मला म्हणाले, "दिवेलागणीचं बसणं चुकवू नकोस." एवढंच. उत्तरेतल्या छावणीकडे सरकारी पत्रं घेऊन पायी निघालेला जासूद याहून जास्त काय बोलणार...

लग्नानंतर मला त्या बसण्याचाच फार राग यायचा. दहा-बारा दिवसांची वाट तुडवून हे पुण्यात पोचायचे, वाड्यावर थैली द्यायचे, पण घरी यायच्या आधी मुठेच्या काठी जायचे. पाण्यात पाय सोडून, डोळे मिटून चांगले घटकाभर बसायचे. पावलं, पोटऱ्या, खांदे, मग आवळलेला जबडा... एकेक सैल सोडायचं आणि श्वास सावकाश बाहेर टाकायचा. वाटेत भेटलेल्या कुणा गोसाव्यानं शिकवलं होतं म्हणे. घरी असले तरी रोज दिवेलागणीला ओसरीवर तेच. शेजारच्या गंगाकाकू विचारायच्या, "काय गं, नवरा घरी पोचलाय, की अजून वाटेतच आहे?"

माझा धाकटा भाऊ धोंडू फौजेत होता. एका दुपारी काकू नदीवरून पाणी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, हे केव्हाचे नदीवर बसलेत. मग हे आले, माझ्यासमोर खाली बसले, माझे दोन्ही हात धरले आणि धोंडू कसा गेला ते सांगितलं. जखम कुठे झाली, जवळ कोण होतं, अग्नी कुणी दिला... सगळं. मी हात हिसडून ओरडले, "माझा भाऊ गेला आणि तुम्ही पाय बुडवून बसलात?"

"धापा टाकत आलो असतो तर अर्धंच सांगितलं असतं," हे म्हणाले. "उरलेलं तू जन्मभर शोधत राहिली असतीस."

पुष्कळ दिवस मी यांच्याशी बोलले नाही. घास उतरेना, झोप येईना. एका संध्याकाळी ओसरीवर बसताना हे म्हणाले, "धोंडूला विसर म्हणत नाही. नुसती मूठ उघड." पाहिलं तर खरंच, नखं तळव्यात रुतली होती. त्या दिवसापासून आम्ही रोज दोघं बसू लागलो. दुःख कमी झालं असं म्हणणार नाही. पण डोळा लागू लागला, घास उतरू लागला.

यांची बातमी यांच्याच जोडीच्या जासुदानं आणली. नर्मदेअलीकडे ताप भरला, तिसऱ्या दिवशी सकाळी गेले. धापा टाकत एवढंच सांगितलं त्यानं. मी त्याला बसवलं आणि थांबत थांबत सगळं विचारून घेतलं. सासूबाई देवळात गेल्या होत्या, यायला अवकाश होता. तो गेल्यावर मी ओसरीवर बसले. खांदे सैल होईनात, जबडा तर मुळीच नाही... तरी श्वास सोडत राहिले.

दारात काठी वाजली तशी उठले. सासूबाईंना खाली बसवलं आणि त्यांच्या राणूचं पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं. मध्ये थांबले नाही. त्या ऐकत राहिल्या. शेवटी त्यांनी विचारलं, "पाणी मागितलं होतं का गं त्यानं?"

"मागितलं होतं, आणि मिळालं," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. मग मी रडले.