अंजनाबाईकडची पंगत

दादाजी मेश्राम चिडका माणूस, हे ऑफिसात शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांना ठाऊक. चिडका कशानं झाला, हे कोणी विचारलं नाही. छप्पन साली बापाबरोबर दीक्षा घेतली, दिवसा मिलमध्ये राबला, रात्रीच्या शाळेतून मॅट्रिक झाला आणि नागपुरातल्या एका कचेरीत कारकून म्हणून लागला. तिथं बारा वर्षं त्यानं डबा खाल्ला, पण त्यातली भाजी कुणी चाखून पाहिली नाही. मग चिडणार नाही तर काय नाचणार?

ऑफिसची मंडळी दर हिवाळ्यात एका रविवारी पायी भटकायची. त्र्याहत्तर साली हेडक्लार्क गोपाळराव म्हणाले, "यंदा सावनेर ते खापा. दादाजी, तुमचाच भाग आहे, तुम्ही पुढे चला."

दादाजी हुरळला. "मंग दुपारचं जेवण माह्या बहिणीकडे! वाटेतच गाव आहे तिचं," तो बोलून गेला. सगळ्यांनी वा वा केलं. त्यानं अंजनाबाईला निरोप धाडला, आपण बारा जण येतो म्हणून.

सावनेरला बसमधून उतरले तेव्हा चांगलीच थंडी होती. कपाशीच्या शेतांमधून, संत्र्याच्या बागांच्या कडेनं चालत निघाले. एका गावात पडकी गढी लागली. झालं, गोपाळरावांना कंठ फुटला. पणजोबा भोसल्यांच्या दफ्तरात होते, घोड्यावरून याच वाटेनं जायचे, वगैरे वगैरे. गढीची माती कोणाच्या डोक्यावरून वाहिली, ते काही त्यांनी सांगितलं नाही. दादाजी ओठ चावत पुढे चालत राहिला. आज भांडायचं नाही, आज सगळे आपल्या घरी जेवणार, असं त्यानं मनाला बजावलं होतं.

अंजनाबाईनं अंगण सारवून बसायला ताटपट्ट्या अंथरल्या होत्या. वांग्याचं भरीत, तुरीच्या सोल्यांची भाजी, भाकरींची चवड. पण वस्तीच्या तोंडाशीच गोपाळराव थबकले.

"अरेच्चा! आज संकष्टी माझी. विसरलोच की!"

शेजारच्या टेबलावरच्या वामनरावांनी लगेच पोट धरलं. मग काय, कुणाला पित्त, कुणाला भूकच नाही. "तुम्ही घ्या जेवून, आम्ही देवळात टेकतो," म्हणत अकराच्या अकरा जण वळले.

दारात पाण्याचा तांब्या घेऊन अंजनाबाई उभी. "काहून गा भाऊ, पाव्हणे कुठी गेले?"

"येतेत. पाय मोकळे करून राहिले," दादाजी खोटं बोलला. निदान चार जण तरी येतील, अशी वेडी आशा होती त्याला. हात जोडून आणू म्हणून तो देवळाकडे गेला.

देवळामागे वर्तमानपत्रं पसरलेली. त्यांवर पुऱ्या, बटाट्याची भाजी, लोणचं. गोपाळरावांचे दोन्ही गाल फुगलेले. वरून कीर्तन, आतून तमाशा! पुऱ्या नागपुराहून बांधून आणल्या होत्या. म्हणजे वा वा करतानाच यांचं ठरलं होतं. दादाजीच्या कानशिलांची आग झाली.

"चंद्र लवकर उगवला वाटते, साहेब," तो म्हणाला.

गोपाळरावांना ठसका लागला. "अहो, बायकोनं बळंच..."

दादाजी ऐकायला थांबला नाही. घरी येऊन त्यानं बहिणीला खरं ते सांगितलं. अंजनाबाई त्याच्यावरच उखडली. "पहाटेची उठली मी! तुले अक्कल नोहती, काहून बलावलं त्याइले?" तिच्या डोळ्यांत पाणी आलं, तशी ती पदरानं तोंड पुसत चुलीकडे वळली. दादाजी ताटपट्टीवर बसला. "वाढ," म्हणाला.

थोड्या वेळानं गोपाळराव अंगणाच्या बाहेर येऊन उभे राहिले. आत पाय काही टाकला नाही. "चला हो दादाजी, खाप्याहून शेवटची बस चुकेल. पुढची वाट तुम्हालाच माहीत आहे."

"जेवून राहिलो," दादाजी मान वर न करता बोलला.

"किती वेळ लागेल?"

"बारा जणांचं रांधलं माह्या बहिणीनं," दादाजी भाकर मोडत म्हणाला. "वेळ लागन."