डाव्या हाताची गिटार

आमच्या घरात एक थोर तत्त्व होतं. घरात तुझं-माझं करायचं नसतं. हे तत्त्व बाबांनी कुठून आणलं ठाऊक नाही, पण ते लागू व्हायचं फक्त माझ्या वस्तूंना. मी टेलिफोन ऑफिसात ऑपरेटर म्हणून लागले आणि पहिल्या पगारात ट्रान्झिस्टर घेतला. तो क्रिकेटची कॉमेंट्री ऐकायला म्हणून दादाच्या खोलीत गेला आणि तिथलाच झाला. टेबलफॅन 'त्याला अभ्यासाला लागतो' म्हणून गेला. दादाचा अभ्यास म्हणजे बी. कॉम.च्या शेवटच्या वर्षात ठोकलेला मुक्काम. माझी सायकल शेवटची दिसली ती दादाच्या मित्राच्या धाकट्या भावाच्या ढुंगणाखाली. दादाची स्कूटर मात्र दादाची होती. तिच्यावरून तुझं-माझं केलेलं चालत असे.

त्यामुळे गिटार करवून घ्यायचं ठरवलं तेव्हाच मला भीती होती ती एकच. ती माझी राहील की नाही.

विकत आणायची नव्हती, करवून घ्यायची होती, कारण मी डावखुरी. लहानपणी आईनं माझा डावा हात फ्रॉकच्या पट्ट्यात अडकवून मला जेवायला बसवलं. शाळेतल्या बाईंनी पट्टीनं उरलेलं काम केलं. दोघींच्या कष्टांचं फळ म्हणजे मी उजव्या हातानं लिहायला लागले. अक्षर असं आलं की बाबा म्हणायचे, कोंबडी चालून गेली काय. पुढे स्थळं येऊ लागली तेव्हा आई स्वयंपाकघरातून कुजबुजायची, "उजव्या हातानं दे गं." उजव्या हातानं दिलेला चहा एका होणाऱ्या सासऱ्यांच्या धोतरावर सांडला आणि ते स्थळ तिथंच संपलं. मला वाईट वाटलं नाही. फार भुरके मारत होते.

ऑफिसात मात्र परगावचे कॉल जोडायच्या ट्रंक बोर्डवर दोन्ही हात लागायचे. वायरीची पिन या भोकातून काढायची, त्या भोकात घालायची. कुठल्या हातानं, याची कुणाला पडलेली नव्हती. जगात माझा डावा हात सुखी होता तो त्या बोर्डासमोर.

गिटार शिकायला मी आमच्या नाशिकातच शरणपूरला जायची. चर्चमध्ये वाजवणारे एक म्हातारे सर होते, ते घरी शिकवायचे. त्यांनी मला गिटार दिली, ती मी उलटी धरली. त्यांनी सरळ करून दिली, ती मी पुन्हा उलटी धरली. असं दोन-तीनदा झाल्यावर त्यांनी मुकाट्यानं आपल्या जुन्या गिटारच्या तारा काढून उलट्या क्रमानं बसवून दिल्या. ती खरखरायची, तार खाचेतून निसटायची, पण माझे हात पहिल्यांदा आपापल्या जागी गेले. सर म्हणाले, "अशी किती दिवस चालवणार? तुमच्या हाताची करून घ्या." भायखळ्याच्या गल्लीत त्यांच्या माहितीतला एक कारागीर होता.

सुटी घेऊन मी मुंबईला गेले. कारागिरानं विचारलं, "हात कुठला?" मी म्हणाले, "डावा." तो म्हणाला, "बरं." एवढंच. नाक मुरडलं नाही, सवय लावा म्हणाला नाही. माझा पंजा कागदावर ठेवून पेन्सिलनं रेघ मारली, बोटं ताणायला लावली, मांडी घालून बसता की खुर्चीवर तेही विचारलं. लग्नासाठी मला बघायला आलेल्या एकाही माणसानं मला इतकं नीट बघितलं नव्हतं.

घरी आल्यावर मी सगळ्यांसमोर स्वच्छ सांगितलं की ही डाव्या हाताची गिटार आहे. बाबा पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "गिटारीत कसलं आलंय डावं-उजवं? चप्पल आहे का ती?" दादा हसला. बाबांच्या विनोदावर हसायला तो नेहमी घरी असायचा. दोघांनाही गिटारमधलं काही कळत नव्हतं, पण न कळणाऱ्या विषयावर शेवटचा शब्द आपलाच, अशी आमच्या घरातल्या पुरुषांची समजूत होती.

मग वाट पाहणं सुरू झालं. कारागीर म्हणाला होता, होळीपर्यंत देतो. होळी गेली. लाकूड अजून वाळतंय. मग गावाला लग्न. मग पावसाळा लागला आणि पावसात पॉलिश सुकत नाही म्हणून पाऊस उघडीप देईपर्यंत थांबायचं. हे सगळं मला कळायचं ते मुंबईच्या ट्रंक बोर्डवरच्या एका ऑपरेटर बाईकडून. आम्ही एकमेकींना कधी पाहिलं नव्हतं, पण रोज लोकांचे कॉल जोडता जोडता ओळख झाली होती. ती लाईन मोकळी असली की कारागिराच्या खालच्या दुकानात फोन लावायची, त्याला खाली बोलवायची आणि मला निरोप द्यायची. नाशिकच्या व्यापाऱ्यांचे कांद्याचे भाव आणि लोकांचे बारशाचे निरोप यांच्यामधून माझी गिटार पुढे सरकत होती. "आज मान बसवली म्हणे." "आज तारांखालची घोडी चिकटवली." मी हेडफोनमध्ये ऐकायची आणि पुढचा नंबर चुकीच्या भोकात घालायची. सुपरवायझर बाई म्हणाल्या, "लग्न ठरलंय का तुमचं?" ते ठरलं असतं तर मी एवढी खूश नसते.

एक धाकधूक होती. माझ्या आयुष्यात ज्याला त्याला माझा हात सुधारायची हौस. या कारागिरालाही ऐनवेळी वाटलं, की बिचारीचं चुकलंय, आपण सरळच करून देऊ, तर? मी मुंबईच्या बाईला पुन्हा पुन्हा विचारायला लावायची. शेवटी तिनं निरोप आणला, "ते वैतागलेत. म्हणतात, डावीच आहे म्हणावं, आता स्वप्नातसुद्धा डावीच दिसते."

इकडे दादाची तयारी जोरात होती. त्यानं केस मानेपर्यंत वाढवले. मित्राकडून गिटार गळ्यात अडकवायचा लाल पट्टा आणून खुंटीला लावला. कुणाच्या तरी गिटारवर तीन कॉर्ड, म्हणजे सुरांच्या जुळण्या, शिकून आला आणि त्या तिन्हींत जगातली सगळी गाणी बसतात असं सांगू लागला. गणपतीत कॉलनीच्या कार्यक्रमात त्याचं नाव लागलं. "आमची गिटार येतेय मुंबईहून, ऑर्डर देऊन केलेली," हे मी त्याला फाटकापाशी सांगताना ऐकलं. आयत्या बिळावर नागोबा होण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, पण इथं तर अजून बीळही खणून व्हायचं होतं.

मी आईला म्हणाले, "ती मी कुणाला देणार नाही."

आई म्हणाली, "बाजारात तुरी. येऊ तर दे आधी. आणि गणपतीपुरतीच तर मागतोय."

"ट्रान्झिस्टर पण मॅचपुरताच मागितला होता."

आई दूध बघायला उठली. तिचं दूध नेहमी इथंच उतू जायचं.

गणपतीच्या थोडं आधी पोस्टानं बिल्टी आली, म्हणजे ट्रान्सपोर्टमधून माल सोडवायची पावती. नाशिकच्या द्वारका नाक्यावर ट्रान्सपोर्टचं गोडाऊन होतं, तिथं मी रोज ड्युटीनंतर चक्कर मारू लागले. तिथला कारकून टेबलावर पाय ठेवून म्हणायचा, "आज नाही आलं, ताई. उद्या बघा." समोर ट्रक उभे, पोत्यांच्या थप्प्या, सगळीकडे कांद्याचा वास. मी प्रत्येक लांबट खोक्याकडे बघायची. एकातून पंखे निघाले, दुसऱ्यातून देवीची मूर्ती.

ज्या दिवशी गिटार आली, त्या दिवशी माझी दिवसपाळी होती. बिल्टी मी कपाटात ठेवली होती. दादानं ती काढली, स्कूटरवर गेला आणि खोकं घेऊन आला. मी घरी पोचले तर दाराशी चपलांचा ढीग. आत दादाचे तीन मित्र पोहे खात होते आणि खोक्याच्या फळ्या भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या. मी ज्याची इतके महिने वाट पाहिली ते खोकं दुसऱ्यानं उघडलं होतं. मला इतका राग आला की पर्स हातातच राहिली.

आईनं पूजा आटोपली होती. नव्या वस्तूला हळदकुंकू लावायचं म्हणून तिनं कोऱ्या पॉलिशवर ओलं कुंकू टेकवलं, त्याचा डाग बसला. वरून अक्षता टाकल्या, त्यातल्या चार-सहा मधल्या भोकातून पोटात गेल्या. आजही गिटार हलवली की त्या आत खुळखुळतात. कितीदा उलटी केली तरी निघत नाहीत.

दादा बाबांच्या वेताच्या खुर्चीत बसला होता. लाल पट्टा गळ्यात. डोळे मिटून त्यानं पहिली जुळणी धरली आणि हात मारला. कढई पडावी तसा आवाज आला. पुन्हा बोटं लावली, पुन्हा तेच. तारांकडे वाकून बघितलं. जाड तार वर हवी, ती खाली. बारीक तार वर.

"बिघडलेली आहे," दादा म्हणाला. नाचता येईना अंगण वाकडं, हे मी मनात म्हणाले, मोठ्यानं नाही. तोंड उघडलं असतं तर बरंच काही निघालं असतं.

"मुलगी बघून गळ्यात मारली," बाबा म्हणाले. "तरी सांगत होतो."

"तारा बदलून टाकू," दादा म्हणाला. "काढायच्या आणि उलट्या लावायच्या. त्यात काय?"

हे मात्र जमण्यासारखं होतं. सरांनी माझ्यासाठी तेच तर केलं होतं. बाबा लगेच म्हणाले, "हां, मग दोघांनाही वाजवता येईल." माझं म्हणणं कुणी विचारलं नाही.

दादाच्या मित्रांपैकी एक खरंच वाजवणारा होता. त्यानं पोह्याची बशी खाली ठेवली, गिटार हातात घेऊन मानेवरून बोट फिरवलं, खाचा बघितल्या, भोकाला डोळा लावून आत बघितलं. मग म्हणाला, "नाही काका. खाचा डाव्या हाताच्या मापाच्या कापल्यात. घोडी तशीच तिरकी. आतल्या पट्ट्यासुद्धा उलट्या बसवल्यात. तारा बदलल्या तर बेसूरच वाजेल, ना हिला वाजवता येईल ना याला. ही मुद्दामच अशी केलीय."

बाबांनी चष्मा काढला. खरोखरच धक्का बसला होता त्यांना. "म्हणजे एवढे महिने थांबून, एवढा खटाटोप करून आणली, ती हिच्या एकटीच्या कामाची?"

"हो," मी म्हणाले. "माझ्या एकटीच्या."

 तुझं-माझं करायचं नसतं, हे सांगायला बाबांनी तोंड उघडलं असावं, पण सांगून उपयोग काय होता? त्यांनी परवानगी दिली तरी गिटार दुसऱ्या कुणाची होऊ शकत नव्हती. ज्या हाताला या घरानं बांधून ठेवलं, त्याच हाताच्या मापाची ती होती.

मी पर्स खाली ठेवली आणि गिटार घ्यायला डावा हात पुढे केला. आईनं 'उजवा' म्हटलं नाही. दादानं गळ्यातला पट्टा काढला, गिटार माझ्याकडे दिली आणि खुर्चीतून उठला. त्या घरात माझ्यासाठी कुणी खुर्ची सोडल्याचं मला त्याआधीचं आठवत नाही.