मानाची फियाट

श्यामराव बुराडे माझा शेजारी. रेल्वेत तो मालगाडीचा गार्ड होता आणि मी त्याच रेल्वेच्या ऑफिसात कारकून. निवृत्त झाल्यावर दोघांनीही एकाच पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, लहान लहान घरं बांधली. ही हकीकत खरं तर त्यानंच सांगायला हवी. पण सांगताना स्वतःबद्दलचा भाग आला की तो चहा आणायला उठतो, आणि परत येऊन भलतंच बोलू लागतो. म्हणून मी लिहितो आहे. त्या दिवशी मी पूर्ण वेळ त्याच्या गाडीच्या मागच्या सीटवर होतो, एवढाच माझा अधिकार.

मालगाडीचा गार्ड म्हणजे अगदी शेवटच्या डब्यातला माणूस. इंजिन त्याला दिसतं ते वळणावर, तेही क्षणभर. गावं दिसतात ती मागे पडल्यावर. गोंदियापासून बिलासपूरपर्यंतचा सारा मुलूख श्यामरावानं असा पाठमोरा पाहिला. त्याबद्दल तो कधी कुरकुरला नाही. कुरकुरणं त्याच्या स्वभावातच नाही.

फियाट त्यानं नोकरीत असतानाच घेतली. रायपूरच्या सदर बाजारातल्या एका सराफाच्या घरामागे ती कित्येक वर्षं उभी होती आणि तिच्या सीटमध्ये मांजरीनं पिल्लं घातली होती. नाकाकडून फुगीर, म्हणून लोक तिला डुक्कर फियाट म्हणतात. अंजनावहिनींना, म्हणजे श्यामरावाच्या बायकोला, तो शब्द अजिबात खपत नाही. सुट्टीच्या दिवशी श्यामराव गाडीखाली आडवा आणि वहिनी वरून पाने देणार, असं दोन-तीन वर्षं चाललं होतं. पेट्रोलच्या टाकीला झाकण मिळेना, तेव्हा वहिनी गोल बाजारात भांडेवाल्याकडे जाऊन बसल्या आणि डब्यांमागून डबे उघडून पाहिले. शेवटी एका स्टीलच्या डबीचं झाकण नेमकं बसलं. ते अजून आहे. गाडीचा रंग दुधी, गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला, पुढची सीट बाकासारखी सलग. वेग जरा वाढला की चारही दारं बोलू लागतात.

पुढं राज्य वेगळं झालं, रायपूर राजधानी झालं, आणि शहराबाहेर नवं रायपूर उभं राहू लागलं. इमारती तुरळक, माणसं त्याहून तुरळक, पण रस्ते असे रुंद की त्यावर लग्नाचा मांडव घालावा. जुन्या गाड्यांच्या शौकिनांना आणखी काय हवं? पराग नावाचा तरुण नाशिकहून इथल्या एका संस्थेत नोकरीला आला होता. त्याच्याकडे आजोबांची अँबेसडर होती. त्यानं सगळ्यांना गोळा केलं. रविवारी सकाळी तेलीबांधा तलावाकाठी जमायचं, पोहे-जलेबी खायची, एकमेकांची बॉनेटं उघडून त्यात डोकं घालायचं, आणि मग रांगेनं नव्या रायपूरला फेरी मारून यायचं. कापडाचे व्यापारी, डॉक्टर, ठेकेदार, सगळे येत. स्कूटरी तर विचारू नका. एकेक लॅम्ब्रेटा नवरीसारखी नटलेली.

पहिल्याच रविवारी परागला कळलं की श्यामराव गार्ड होता. तो म्हणाला, मग झेंडी काकांनीच दाखवायची. श्यामरावानं जपून ठेवलेली हिरवी झेंडी आणली, ऐटीत दाखवली, सगळ्या गाड्या त्याच्यासमोरून निघून गेल्या, आणि मग तो आपल्या फियाटमध्ये बसून सगळ्यांच्या मागून निघाला. दुसऱ्या रविवारी तेच. मग तो रिवाजच पडला. वाटेत कोणाची गाडी बंद पडली तर मागून येणारा श्यामराव थांबणार, पाणी देणार, धक्का देणार. सगळे त्याला गार्डकाका म्हणू लागले. वर्षामागून वर्षं त्यानं त्या रांगेतलं पहिलं स्थान कधी पाहिलंच नाही.

त्या वर्षी पोळा रविवारी आला. आधीच्या रविवारी पोहे खाताना वहिनींनीच कल्पना काढली. आमच्या भंडाऱ्याकडे पोळ्याला बैल तोरणाखाली रांगेनं उभे करतात, मानाची जोडी आधी निघते, तिच्यापुढे कोणी जात नाही. तसंच आपण गाड्यांचं करू. सगळ्यांना ते एकदम आवडलं. परागनं विचारलं, मानाची गाडी कुठली धरायची? कोणीतरी म्हणालं, सगळ्यात जुनी. तुळशीराम लगेच उभा राहिला. त्याची अभनपूरला शेती आहे आणि जीप तो रोज वापरतो. जीप फियाटपेक्षा जुनी, यात वाद नव्हता. पण तिच्यात इंजिन दुसरंच बसवलेलं, हेही सर्वांना ठाऊक होतं. बराच वेळ खल झाला. श्यामराव खाली मान घालून जलेबीचा तुकडा मोडत होता. तेव्हा वहिनी बोलल्या.

"यायले एकदा तरी पुढं जाऊ द्या, बाप्पा. उभा जन्म हा माणूस दुसऱ्याच्या मागं गेला. रात्री मले विचारते, पुढून कसं दिसत असन गं?"

 श्यामराव चहा आणायला उठला.

तुळशीराम त्याच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत राहिला आणि मग म्हणाला, "माझ्या जीपनं म्हातारपणी काळीज बदललं, म्हून मान गेला तिचा. जा गा गार्डा, तूच जा पुढं."

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांच्या खांद्याला लोणी-हळद लावून त्यांना दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतण देतात. श्यामरावानं फियाटच्या दोन्ही मडगार्डांना लोणी-हळद चोळली आणि हात जोडून तिला जेवायला बोलावलं. दुधी रंगावर हळदीचे डाग बसले म्हणून वहिनी त्याला बोलल्या, पण सकाळी त्यांनीच बॉनेटवर स्वतःचा जुना शालू झुलीसारखा पसरला, आणि हेडलाइटांना बेगडाच्या झिरमिळ्या बांधल्या.

तलावाकाठी दोन खांबांना आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं होतं. सगळ्या गाड्या सजून आल्या होत्या. तुळशीरामनं फियाटभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, पोळ्याच्या दिवशी बैलाले कोणी जुंपत नाही, अन् तू गाडी चालवून राहिला.

"चालवून नाई राहिलो," श्यामराव म्हणाला, "मिरवून राहिलो."

वहिनी त्याच्या शेजारी बसल्या, मी मागे. त्यानं गिअर टाकला. तोरण काचेला लागलं, ताणलं गेलं आणि तुटलं. मागे सगळे हॉर्न एकदम वाजले. श्यामरावाच्या पुढे रस्ता होता आणि दुसरं काहीही नव्हतं.  गाडी नेहमीपेक्षा जोरात चालली होती आणि दारं अशी काही बोलत होती की आम्हाला एकमेकांचं ऐकू येईना.

शहर संपेपर्यंत सगळं ठीक होतं. अडचण सुरू झाली ती नव्या रायपुरात. तिथले गोल चौक सारखे, झाडं सारखी, दिव्याचे खांब सारखे, आणि विचारायला माणूस नाही. आजवर श्यामराव पुढच्या गाडीच्या लाल दिव्याकडे बघत गेला होता. रस्ता त्याला माहीत असण्याची गरजच पडली नव्हती. हे त्याच्या त्या दिवशी लक्षात आलं, आणि माझ्याही. जायचं होतं पुरखौती मुक्तांगण या संग्रहालयाच्या बागेत, तिथं परागनं नाश्ता सांगून ठेवला होता. पहिला चौक त्यानं बरोबर घेतला असावा. दुसऱ्या चौकात तो फिरत राहिला. एक फेरी झाली तरी त्याचं ठरेना. मानाच्या गाडीपुढे जायचं नाही म्हणून मागचे सगळे त्याच्यामागून फिरत राहिले. शेवटी त्या चौकाभोवती आमचंच एक कडं तयार झालं आणि फियाट जवळजवळ शेवटच्या स्कूटरला जाऊन भिडली. समोरच्या बाजूनं जाता जाता तुळशीराम आम्हाला सलाम करत होता.

"चुकले का?" वहिनींनी विचारलं.

"नाई."

आणि जो रस्ता समोर आला तो त्यानं धरला. पराग मागून हॉर्न वाजवत होता. श्यामराव मला म्हणाला, पोट्टा लई खुश आहे आज. थोड्या वेळानं दुभाजक संपला. मग दिव्याचे खांब संपले. दोन्हीकडे हिरवागार धान आला, बांधावर बगळे आले.

"चुकले नाई, तं मंग हे बांध कुठून आले?" वहिनी म्हणाल्या.

 श्यामरावाचे कान लाल झाले होते. वळवायला जागा नव्हती. मागे एवढी मोठी रांग. रस्ता अरुंद होत होत एका गावातल्या काँक्रीटच्या गल्लीत शिरला, आणि फियाट थांबवावी लागली, कारण समोर गल्लीभर पोरं होती. आपल्याकडे पोळ्याला पोरांकडे लाकडाचे, तसे इथे मातीचे बैल असतात, खाली मातीचीच चाकं. दोरीनं ते ओढत पोरं धावत होती. गाड्या बघताच ती जागच्या जागी उभी राहिली.

एका ओट्यावरून एक म्हातारा उतरून आला. त्याचं नाव बिसाहू, हे नंतर कळलं. त्यानं झूल पाहिली, झिरमिळ्या पाहिल्या, हळदीचे डाग निरखून पाहिले, मग मागची न संपणारी रांग पाहिली. खिडकीशी वाकून त्यानं विचारलं, "काकर घर जाथव?" कोणाच्या घरी चाललात?

सगळ्यांसमोर, पहिल्यांदाच पुढे निघालेला असताना, रस्ता चुकलो म्हणणं श्यामरावाच्या जिवावर आलं. त्यानं स्टिअरिंग घट्ट धरलं आणि म्हणाला, "तुंहरेच घर." तुमच्याच घरी.

बिसाहूनं क्षणभर विचार केला. "हव," तो म्हणाला, आणि घराकडे तोंड करून त्यानं हाक दिली की पाहुणे आलेत, बैल घेऊन आलेत.

त्यापुढचं मला नीट क्रमानं सांगता येणार नाही, इतकं ते सगळं एकदम झालं. बायका तांब्या आणि ताट घेऊन आल्या. बैलाचे पाय धुतात तसं त्यांनी फियाटच्या चारही चाकांवर पाणी घातलं, बॉनेटला कुंकू लावलं, ओवाळलं. मग अँबेसडरला, मग जीपला. मागच्या घरांतल्या बायकांनी बघितलं आणि त्यांनीही आपापल्या दारासमोरची गाडी धरली. एका डॉक्टरांची गाडी दोन दारांच्या मधोमध होती, तिला दोनदा ओवाळलं. घराघरातून बेसनाची ठेठरी आली, गोड खुरमी आली, तव्यावरचे गरम चिले, म्हणजे धिरडी, आले. पोरांनी हॉर्न वाजवून वाजवून कान किटवले. पुरणपोळीचा डबा वहिनींनी घरून आणला होता, तो त्यांनी बिसाहूच्या सुनेच्या हातात दिला आणि दोघी चुलीपाशी जाऊन बसल्या. एकीची भाषा दुसरीला निम्मी कळत असावी, पण हसू बाहेर ऐकू येत होतं.

श्यामराव मात्र गाडीतून उतरला नव्हता. गल्लीतून पराग येताना दिसला तसा तो उतरला आणि त्याच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला.

"पराग, मी रस्ता चुकलो."

परागच्या हातात अर्धी खुरमी होती. तो म्हणाला, "काका, मी मागून हॉर्न वाजवत होतो."

"ऐकला ना. मले वाटलं तू खुश आहेस."

"तेव्हा नव्हतो," पराग म्हणाला, आणि उरलेली खुरमी तोंडात टाकली.

मुक्तांगणचा नाश्ता त्यानं फोन करून तिथल्या माळ्यांना वाटून टाकायला सांगितला. तुळशीराम ओट्यावर बसून चिला खात होता. गार्डाच्या हाती इंजिन दिलं की असंच होते, असं तो येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगत होता, आणि सांगून झालं की आणखी एक चिला मागत होता. श्यामरावानं ते दोनदा ऐकून घेतलं. तिसऱ्यांदा तो तुळशीरामशेजारी जाऊन बसला आणि त्याच्या ताटातला चिला उचलून खाल्ला.

निघायची वेळ झाली. गल्ली पुढे तळ्याकाठी मोकळी होत होती, तिथून बाहेर पडता येत होतं. श्यामरावानं फियाट सुरू केली, तळ्यापाशी आणली आणि एका बाजूला घेऊन चिंचेखाली उभी केली. इतरांना जायला वाट करून दिली. आता पुढे पराग जाईल हे त्यानं गृहीतच धरलं होतं. परागच्या फोनवर नकाशा होता.

अँबेसडर आमच्या मागे येऊन थांबली. तिच्यामागे जीप. मग बाकीचे. इंजिनं सुरू होती, पण कोणी पुढे येईना. श्यामरावानं खिडकीतून हात काढून, जा, जा, अशी खूण केली. कोणी हललं नाही. त्याला वाटलं परागची गाडी गरम झाली. तो पाण्याचा कॅन घेऊन उतरायला लागला.

वहिनींनी त्याचा दंड धरला. "आवो, कुठं चालले? तुमच्यासाठी थांबून राहिले ते."

त्यानं मागे वळून पाहिलं. पराग स्टिअरिंगवर हनुवटी टेकून बसला होता. तुळशीराम जीपमध्ये दात कोरत होता. कोणालाच घाई दिसत नव्हती. श्यामरावानं कॅन हळूच पायाशी ठेवला आणि दार लावून घेतलं. ते एका झटक्यात लागत नाही, तीनदा ओढावं लागलं.

मग त्यानं डोकं बाहेर काढून, सर्वांना ऐकू जाईल असं, बिसाहूला रायपूरचा रस्ता विचारला. बिसाहूनं हातानं दाखवला. पुढच्या तिठ्यावर श्यामराव पुन्हा थांबला आणि एका सायकलवाल्याला विचारलं. मागे सगळी रांग थांबली. मग एका दुधवाल्याला विचारलं, मग कालव्यावर कपडे धुणाऱ्या दोन बायकांना, आणि रस्ता सरळ असतानाही एका गुराख्याला. प्रत्येक ठिकाणी रांग थांबली, आणि प्रत्येक ठिकाणी लोक गाड्यांभोवती जमले. आम्ही रायपूरला पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं आणि घरोघरी पुरणपोळ्या गार होत होत्या, पण वाटेत एकदाही कोणी हॉर्न वाजवला नाही.