खड्डेकरने घेतलेली परीक्षा

आमच्या मजल्यावर समोरच्या दारात राहतो त्याला सगळी इमारत खड्डेकर म्हणते. त्याचं खरं आडनाव वेगळंच आहे. तो लिफ्ट दुरुस्त करतो. लिफ्टच्या तळाशी जो खोल खड्डा असतो त्यात उतरायचं काम इतकी वर्षं त्याचंच, म्हणून खड्डेकर. हे नाव त्याच्या थोरल्या भावाने ठेवलं. तोही त्याच कंपनीत, त्याचाच जोडीदार. थोरला वर मशीनच्या खोलीत, धाकटा खाली. "वर बसायला अक्कल लागते," थोरला म्हणायचा. "आणि खाली उतरायला छाती," हा म्हणायचा. जेवताना, रस्त्यात, लग्नकार्यात, दोघांचं हेच चालायचं.

मला लिहायची सवय नाही, आणि हे मला जमेल असंही वाटत नव्हतं. पण खड्डेकरच म्हणाला, "काका, लिहा. माझ्यासारखा आणखी कुणी समुपदेशकाच्या दाराबाहेर ताटकळत असेल, त्याला कळू दे आत काय असतं ते. फक्त कंपनीचं नाव घालू नका." नाव घातलेलं नाही.

त्यांच्या कामाची एक रीत आहे. वरचा माणूस मेन स्विच बंद करतो आणि ओरडतो, "बंद!" खालचा तोच शब्द परत ओरडतो. मग वरचा म्हणतो, "उतर." हे आवाज झाल्याशिवाय खड्ड्यात पाय ठेवायचा नाही. खालच्याला वरचं काही दिसत नसतं. डोक्यावर टांगलेली लिफ्ट आणि कानावर पडलेला शब्द, एवढ्यावर जीव.

थोरला गेला तो सुट्टीच्या दिवशी, घरी, दाढी करता करता. भेटायला येणारे हमखास विचारत, "लिफ्टमध्ये का हो?" आणि खड्डेकर चवताळायचा, "लिफ्टने काय घोडं मारलंय तुमचं?" बाकी तो रडला नाही, काही नाही. लगेच कामावर गेला. खंबीर आहे, असं सगळे म्हणाले. मीही म्हणालो.

कंपनीने नवा जोडीदार दिला. वयाने, अनुभवाने बरोबरीचा. तोंडाने जरा जास्तच मोकळा. तो वरून "बंद!" म्हणाला, खड्डेकरने "बंद!" म्हटलं, वरून "उतर" आलं. खड्डेकर उतरला नाही, चढला. लिफ्ट बंद, तेव्हा जिन्याने, थेट गच्चीपर्यंत, स्विच स्वतःच्या डोळ्यांनी बघायला. बघून खाली आला, तर खाली येईपर्यंत याने परत चालू केला नसेल कशावरून? पुन्हा वर. तासाभराच्या कामात दिवस गेला. मग प्रत्येक इमारतीत तेच. नवा जोडीदार म्हणाला, "अहो, इतका संशय माझी बायकोसुद्धा घेत नाही."

शेवटी साहेबांनी त्याला ऑफिसात फोन घ्यायला बसवलं. म्हणाले, "भावाचं दुःख आत धरून बसलायस. एक समुपदेशक बाई आहेत, त्यांच्याकडे काही आठवडे जाऊन ये. खर्च कंपनीचा. मग खड्ड्याचं बघू."

त्या संध्याकाळी खड्डेकर माझ्याकडे आला आणि दार लावून घेतलं. "काका, मला वेडा ठरवून काढायचं चाललंय. ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी. बाई कुणाची टाळी वाजवणार? सांगा!" मला पटलं. म्हणून मी बरोबर गेलो. बाहेरच्या बाकावर बसून मी लक्ष ठेवायचं होतं. कशावर, ते त्यालाही नीट सांगता आलं नाही.

जागा दातांच्या दवाखान्याच्या वर. तिथल्या लिफ्टच्या दाराला खड्डेकरने कान लावला, "घासतंय" म्हणाला आणि जिन्याने गेला. मी मागून धापा टाकत. दार बंद झालं. मी कान टवकारून बसलो, पण खालून दातांच्या यंत्राची घरघर तेवढी ऐकू येत होती.

आतलं सगळं त्याने मला नंतर बसस्टॉपवर सांगितलं, इकडेतिकडे बघत.

"दोन खुर्च्या, मधे बुटकं टेबल. त्यावर कागदी रुमालांचा डबा. म्हणजे रडवायचं आधीच ठरलंय."

"झोपवलं का रे?" मी विचारलं. माझी समजूत अशी की पलंगावर निजवून डोळ्यांपुढे काहीतरी हलवतात.

"कुठलं झोपवणं! औषध नाही, गोळी नाही. आधी तिचीच टकळी. म्हणे, नको वाटेल त्या प्रश्नाचं उत्तर देऊ नका. किती वेळा यावं लागेल ते आत्ता सांगता येत नाही. इथलं बोलणं इथेच राहील. तुमच्या किंवा कुणाच्या जिवाला धोका वाटला, तरच मला बाहेर बोलावं लागेल. कंपनीला फक्त एवढंच कळवते, की तुम्ही आलात. हा 'फक्त' खटकला मला, काका."

"लिहून घेत होती?"

"एक अक्षर नाही. म्हणजे कुठेतरी टेप चालू असणार. मी बुटाची नाडी बांधायच्या निमित्ताने वाकून टेबलाखाली बघितलं."

"मग?"

"टेबलाचे पाय."

बाईंनी भावाबद्दल विचारलं होतं. कसा होता? याने उत्तर दिलं, चांगला होता. त्यापुढे दोघंही गप्प. गप्प बसलं तरी चालतं, असं बाई म्हणाल्या, आणि खरोखरच बसल्या.

घरी त्याच्या बायकोचं वेगळंच. जिन्यात मला म्हणाली, "बघा ना काका, माझ्याशी बोलायला यांना तोंड नाही, आणि तिकडे परक्या बाईसमोर तासभर!"

"तासभर मी गप्पच असतो," आतून खड्डेकर.

"ते घरी फुकटात होतं!"

आणखी एकदोनदा जाऊन आल्यावर तो बिघडलाच. झोप उडाली, पोरीवर खेकसला, थोरल्याचा डबा दिसला म्हणून ताटावरून उठला. बाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, सुरुवातीला असं होऊ शकतं. दाबून ठेवलेलं वर येतं तेव्हा जड जातं. फारच झालं तर पुढच्या खेपेपर्यंत थांबू नका, फोन करा. खड्डेकर मला म्हणाला, "छान आहे! ताप उतरला तर औषधाचा गुण, ताप चढला तरी औषधाचाच गुण. हिचं चुकायचं कधी?"

तेव्हा त्याने परीक्षा घ्यायचं ठरवलं. बाईंना एक खोटी गोष्ट सांगायची आणि ती साहेबांच्या तोंडून परत येते का बघायचं. पुढच्या खेपेला तो आत जाऊन म्हणाला, "कुणाला सांगू नका, मी दुसऱ्या लिफ्ट कंपनीत चाललोय. सगळं ठरलंय." ही गोष्ट बाईंखेरीज फक्त मला ठाऊक होती. बायकोलाही नाही.

मग तो ऑफिसात साहेबांचं तोंड वाचत बसला. साहेब हसले की याला वाटे, कळलंय. साहेब रागावले की वाटे, नक्की कळलंय. एकदा साहेबांनी हाक मारून जवळ बोलावलं. याने मनातल्या मनात भांडण तयारही केलं. साहेबांना पंख्याचं बटण सापडत नव्हतं. आठवडा गेला. शब्दही परत आला नाही.

"म्हणजे बाई खरी आहे," मी म्हणालो.

"किंवा पक्की आहे," तो म्हणाला.

पुढच्या खेपेला तो लवकर बाहेर येईल असं मला वाटलं होतं. उलट बराच उशीर झाला. आला तो डोळे लाल करून. बसस्टॉपवर उभे राहिलो. आमची बस आली आणि गेली.

"तिने काय विचारलं माहितीये? त्या नव्या कंपनीत तुमचा जोडीदार कोण असेल?"

"मग?"

"आता नसलेल्या कंपनीतला जोडीदार मी आणू कुठून? काहीतरी ठोकून द्यावं म्हणून तोंड उघडलं. कुणी समोरच येईना. म्हटलं, कुणीच नाही. मला नकोच कुणी. दुसऱ्याच्या आवाजावर खाली उतरलो, तर थोरला आता वर नाही हे मी मान्य केल्यासारखं होईल. काका, हे माझ्या तोंडून आलं! मी ठरवलं नव्हतं. मी कुठलंच काही ठरवलं नव्हतं. आणि मग रडू थांबेचना."

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. रडून झाल्यावर त्याने बाईंकडे हेही कबूल केलं होतं, की कंपनी सोडायची ती थाप होती, त्यांची परीक्षा घ्यायला मारलेली. बाई जरा हसल्या म्हणे. "मग, मी पास झाले का?"

"निकाल अजून लागायचाय," हा म्हणाला.

त्यानंतर तिथे भाऊ 'चांगला होता' यापलीकडचाही निघाला. खड्डेकर खाली असताना मुद्दाम वरून शिट्टी वाजवणारा, पगाराच्या दिवशी रुसणारा, आईच्या आजारपणात न आलेला. बाई सल्ला देत नाहीत म्हणून हा अजून कुरकुरतो. खड्ड्यात परत कधी उतरू, असं त्याने विचारलं होतं. बाई म्हणाल्या, "उतरायलाच हवं का?"

त्यावर तो दोन दिवस चिडून होता. मग स्वतः साहेबांकडे गेला. "खड्डा आत्ता नको. मला वर द्या."

"वरचं काम कधी केलंयस?"

"ऐकतच आलोय."

साहेब तयार झाले, एका इमारतीपुरते. नवा जोडीदार खाली, खड्डेकर वर, मशीनच्या खोलीत. त्याने मेन स्विच खाली ओढला, "बंद!" म्हणाला. खालून "बंद!" आलं. आता उरला तो एकच शब्द, आणि तो घशातून निघेना. खालून हाक आली, "अहो, उतरू, का इथेच म्हातारा होऊ?"

मग तो म्हणाला. आवाज फाटलेला, पण स्वतःचाच होता म्हणे. जोडीदार लगेच उतरला, आणि तो वर येईपर्यंत खड्डेकरने स्विचवरचा हात काढला नाही.

त्या माणसावर तो अजून नाराज आहे. काल जिन्यात मला म्हणाला, "एकदा तरी वर बघायला यायला हवं होतं की नाही त्याने? असा कसा कुणावरही विश्वास टाकतो माणूस!"