नाल्यापर्यंतचा फेरा

"चाला जी," म्हणत तो वेशीच्या दगडावर उजवा हात टेकवायचा आणि मगच पाऊल उचलायचा. गावाला पुरता वळसा घालून त्याच दगडाला पुन्हा हात लागला की म्हणायचा, "भरला फेरा." तोवर तंबाखूची डबी उघडायची नाही. मी किती वेळा मागितली असेल!

तो गावचा कोतवाल आणि मी नवा तलाठी. पांढरकवड्याकडचं जुनं गाव ते. दगडी वेस, ढासळलेला बुरूज, पायऱ्यांची बारव आणि लिंबाखाली कुठल्याशा लढाईत पडलेल्या वीरांचे शेंदूर फासलेले दगड. पीकपाहणी या वळशानेच करायची, हा त्याचा कायदा. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठा माणूस, पण मी त्याला अरे-तुरे करायचो. आमच्या खात्याची रीतच तशी, आणि माझी अक्कलही तेवढीच.

पहिल्या दिवशी त्याने मला त्या दगडांपुढे उभं केलं. "हे नवे साहेब. आंगानं जड हायेत, पन चालतीन." मी चिडलो. त्याचा चेहरा मात्र इतका गंभीर की थट्टा केली की शिफारस, तेच कळेना.

एकदा तालुक्याचे बडे साहेब जीपने आले. त्यांनाही त्याने वळसा घालायला लावला. पांदणीत गाडी रुतली, ड्रायव्हर शिव्या घालतोय, आणि हा पुढे चालत सांगतोय, "आल्या वाटेनं वापस जाऊ नये जी. अर्धंच गाव दिसते."

फेऱ्याच्या शेवटी एक नाला लागायचा. पलीकडे पोड, म्हणजे कोलामांची पंधरा-वीस घरं, आणि त्यांची कोरडवाहू शेतं. ती पाहिली की आलीच वेस.

मग ते बोंडअळीचं वर्ष आलं. कपाशीची पराटी उभी हिरवीगार, आणि बोंड फोडलं की आत सगळी घाण. पंचनाम्यांचा हुकूम निघाला. ज्याचं शेत यादीत, त्यालाच मदत. मुदत संपायच्या आदल्या दिवशी आम्ही नाल्यापाशी पोचलो तेव्हा तीन वाजले होते. पाणी फार नव्हतं हो, घोट्याएवढं. पण चिखल होता, माझ्या पायात नवे बूट होते आणि मेहुणीच्या साखरपुड्यासाठी यवतमाळची एसटी गाठायची होती. मी अलीकडूनच नजर टाकली.

"पोडाचं ठीक दिसतंय रे."

"दुरून हिरवीच दिसते साहेब. बोंड फोडून पाहा लागते. मी त्यायले सांगून आलो, साहेब येऊन राह्यले म्हनून."

"उद्या बघू," म्हणालो आणि आल्या वाटेनं वळलो. तो जरा वेळ नाल्याकाठीच उभा राहिला, मग माझ्या मागे आला. वेशीच्या दगडाला त्या दिवशी त्याने हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी मी यवतमाळहून दुपारी परतलो आणि संध्याकाळी यादी द्यायची होती. पोडाच्या शेतांपुढे 'नुकसान नाही' असं लिहिलं आणि सही ठोकली. एवढंच केलं मी.

महिन्याभराने पोडातली एक बाई चावडीत आली. तिच्या टोपल्यात किडकी बोंडं होती. "दिवसभर वाट पाह्यली आमी," ती कोतवालाला म्हणाली. "साहेबाले काहून नाही आनलं?"

मी चार हात अंतरावर टेबलाशी बसलेलो. त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"माह्या ध्यानातून गेलं माय. साहेबाले मी सांगतलंच नाही."

आणि मी? मी सातबाराची पानं उलटत बसलो. तिने टोपलं त्याच्या पायाशी पालथं केलं आणि निघून गेली. ती बोंडं त्यानेच झाडून काढली.

नंतर मी त्याला विचारलं, "खोटं कशाला बोललास?"

"तुमची नोकरी गेली असती जी. लेकरं लहान हायेत. मले कोन काय करते?" मग तंबाखू मळता मळता म्हणाला, "फक्त पोडात आता कोनी पाय ठेवू देत नाही. नाल्यावरून वापस या लागते." ज्याने बड्या साहेबाला मागे फिरू दिलं नाही, तो माझ्यामुळे रोज अर्ध्यातून फिरत होता. मी पोडात जाऊन खरं सांगतो, असं त्याला म्हणालो. त्याने मान डोलावली. पुढे माझी उमरखेडला बदली झाली. सांगायचं राहिलं असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. मी सांगितलं नाही.

गेल्या हिवाळ्यात तो वारल्याचं कळलं. मीही आता निवृत्त आहे. जाण्याची भीती कसली? गेलो. वेशीच्या दगडावर हात टेकवला, बुरूज, बारव करत नाल्याशी आलो, चपला हातात घेतल्या आणि त्या बोंडअळीच्या वर्षानंतर पहिल्यांदाच तो नाला ओलांडला. अंगणात तीच बाई, आता पार म्हातारी. तिने मला ओळखलं नाही. पाण्याचा गडवा दिला. कोतवालाच्या घरी भेटायला आलो होतो, एवढं सांगितलं.

"तो मानूस वाईट नोता," ती म्हणाली. "पन आमाले इसरला. मरायच्या आंधी एक दिवस आलता, नाल्याच्या तिकडं लय वेळ उभा होता. कोनी बलावलं नाही." तिने माझ्याकडे निरखून पाहिलं. "तुमी कोन त्याचे?"

"ओळखीचा," मी म्हणालो.

गडवा खाली ठेवला. वेस तिथून पाच मिनिटांवर होती, समोर दिसत होती. मी चपला हातात घेतल्या, पुन्हा नाल्यात उतरलो आणि आल्या वाटेनं परत गेलो.